उन्हाळा, गोठा आणि वनौषधी

(गोपालकांच्या मेळाव्यात एका पशुवैद्यकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी लाळ गाळीत, धापा टाकीत उभी असलेली संकरित गाय आपणापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. होल्स्टिन रक्ताची ही गाय मूळची हॉलंडच्या थंड हवेतील. २५ अंशांच्या पुढेच तिची तगमग सुरू होते. आपल्या खिलार, देवणी गाईंना आखूड केस, सैल कातडी आणि घाम गाळण्याची अधिक क्षमता तारते. ब्राझीलने आपला गीर गोवंश नेऊन होल्स्टिनशी संकर केला आणि ‘गिरोलांदो’ ही जात सिद्ध केली, ती याच गुणासाठी! असो. आज अनेकांचा प्रपंच संकरित गाईवर चालतो. तेव्हा विचार तिचाच करावयास हवा.

उन्हाळ्यात दूध का घटते? गाय कमी खाते म्हणून, असे आपण म्हणतो. हे अर्धेच सत्य आहे. कोठीपोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते, म्हणून गाय आपणहून खाणे कमी करते, हे खरे. परंतु प्रयोगांत असे दिसले की दुधातील घटीचा साधारण निम्माच भाग कमी खाण्यामुळे असतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, आतड्यांना ते कमी पडते, आतड्यांचे अस्तर दुबळे होते आणि जंतूंची विषे रक्तात उतरतात. दुधासाठी लागणारी शक्ती मग या झुंजीत खर्च होते. पेशींवरही ऑक्सिडीकरणाचा ताण येतो.

वनस्पतिजन्य पूरकांचे स्थान येथे आहे. अश्वगंधा, शतावरी, तुळस, आवळा यांवर आपल्याकडे संशोधन होत आहे. मात्र मनुष्याला लागू पडणारे गाईला तसेच लागू पडते, असे नाही. आवळ्याचेच पाहा. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचा गवगवा होतो. पण ते बहुतांशी कोठीपोटातच नष्ट होते, आणि गाय आपले ‘क’ जीवनसत्त्व यकृतात स्वतः तयार करते. आवळ्याचा लाभ होत असेलच, तर तो त्यातील तुरट द्रव्यांमुळे. गाभण गाईस अश्वगंधा तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊच नये.

मला सर्वांत आश्वासक वाटतो तो बांधावरचा शेवगा. सावलीत वाळविलेल्या पाल्यात सुमारे पाव भाग प्रथिने असतात, शिवाय ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्येही. थोड्या पाल्याने आरंभ करून हळूहळू प्रमाण वाढवावे. पदरचा पैसा जवळजवळ लागत नाही.

उलट, बाजारात गाईचे चित्र आणि ‘शुद्ध आयुर्वेदिक’ अशी अक्षरे छापलेल्या पुड्या महाग विकल्या जातात. कोणती वनस्पती, किती प्रमाणात, याचा पत्ता नसतो. पालकाप्याच्या ‘हस्त्यायुर्वेदा’चा वारसा सांगणाऱ्या समाजाने एवढ्यावर समाधान मानावे काय? तो ग्रंथ हत्तींच्या चिकित्सेचा, तपशिलाने रचलेला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ साली छापला.

आणि कोणतीही पुडी सावलीची जागा घेऊ शकत नाही. आधी सावली, चोवीस तास गार पाणी (दुधाळ संकरित गाईस दिवसाला १०० लिटरही लागते), चारा पहाटे व रात्री, घाम-लाळेवाटे गेलेल्या क्षारांसाठी खनिज मिश्रण. कोकणातील दमट हवेत नुसते पाणी शिंपडून भागत नाही, पंख्याचा वाराही हवा. मग पूरके.

गावातील पाच-सहा गोपालकांनी एकत्र यावे. साधारण एकाच सुमारास व्यायलेल्या गाईंचे दोन गट करावे. एकाला पूरक द्यावे, दुसऱ्याला नाही, बाकी सारे समान. तीन आठवडे दोन्ही वेळचे दूध मोजून लिहावे. दुपारी तीन वाजता कुशीची हालचाल पाहून मिनिटभर श्वास मोजावेत. साठच्या वर गेले की ताण समजावा. वही घेऊन या, आपण एकत्र बसून वाचू.