जुन्या तबकडीचे वारस

जुन्या ध्वनिमुद्रिकेवर एकच हक्क असतो, असा समज सर्वत्र आढळतो. चोरट्या प्रती काढणाऱ्यांचे बहुधा त्यावरच फावते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो; 1992 पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती. शब्द आणि चाल यांची 60 वर्षे मात्र कर्त्याच्या निधनापासून मोजली जातात.

राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ हा चित्रपट 1960 सालचा. त्याच वर्षी निघालेल्या तबकडीवरील हक्क 2020 अखेर संपला. परंतु ग. दि. माडगूळकर 1977 साली निवर्तले, म्हणून गीतांवरील हक्क 2037 अखेरपर्यंत. सुधीर फडके 2002 साली गेले, म्हणून चालींवरील 2062 अखेरपर्यंत. तबकडी मोकळी, गाणे मात्र बांधलेले!

‘मानापमाना’ची गोष्ट निराळी. खाडिलकरांच्या पदांची मुदत 2008 मध्ये, गोविंदराव टेंबे यांच्या चालींची 2015 मध्ये सरली. बालगंधर्वांची ती गाणी पुन्हा काढण्यास आता आडकाठी नाही. पण लाखेच्या तबकडीवरील खरखर काढण्यात एखाद्या संग्राहकाचे महिने जावेत आणि दुसऱ्याने ती स्वच्छ प्रत एका रात्रीत उतरवून घ्यावी, तर त्या श्रमांची दाद मागणे कठीण जाते.