दोष कार्बुरेटरला, दुखणं टाकीचं

वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की वाटेत आंजी (मोठी) लागते. अशा गावांमधून जुन्या गाड्या अजून टिकून आहेत. कुणाच्या अंगणात मारुती ८००, कुणाच्या गोठ्यालगत जीप, तर एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली अ‍ॅम्बेसेडर. मुंबईच्या रस्त्यांवरून कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिलं. आपल्याकडच्या गाड्यांवर कोणी लिहीत नाही. त्या लग्नाला निघतात, दवाखान्याला निघतात आणि मग पंधरा दिवस उभ्या राहतात. उभ्या गाडीचं पहिलं दुखणं सुरू होतं ते पेट्रोलच्या टाकीत.

मिस्त्रीकडे तक्रार जाते ती मात्र वेगळीच. ‘गाडी झटके मारते.’ मिस्त्री कार्बुरेटर उघडतो, जेट फुंकतो, पैसे घेतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. जेटमध्ये कचरा आला कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आला टाकीतून, आणि टाकीत अजून भरपूर शिल्लक आहे.

टाकी पत्र्याची. ती अर्धी रिकामी असली की वरच्या भागात हवा असते, आणि हवेत दमटपणा. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो; थंड पत्र्यावर पाण्याचे थेंब धरतात आणि ओघळून खाली जातात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. गंज वरूनही चढतो आणि खालूनही. शिवाय फार दिवस पडून राहिलेलं पेट्रोल विटतं, त्याचा डिंकासारखा चिकट थर होतो आणि त्याला व्हार्निशसारखा वास येतो.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली. महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. वीस टक्क्यांचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल आपल्या उसाच्या, मक्याच्या शेतकऱ्याला उपयोगी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या गाडीच्या मालकानं त्याचे तीन गुण ओळखून असावेत. ते पाणी शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. गाडी नेमकं तेच ओढते. दुसरं, वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ ते सोडवतं, म्हणून फिल्टर एकाएकी तुंबायला लागतो. तिसरं, जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, भेगाळतात. टाकीत हात घालणारच असाल तर नळ्याही बदला, आणि इथेनॉलला टिकणाऱ्याच मागून घ्या.

आता टाकी खोलण्याआधी एक साधी परीक्षा. गाडी काही मैल गेल्यावर बंद पडते, झाकण उघडताच ‘सूं’ करून हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते, असं असेल तर टाकी स्वच्छ असू शकते. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. जुन्या गाडीत ते सुईनं मोकळं होतं. पण चढावर किंवा वेगात गाडी मरते, दहा मिनिटं थांबलं की मुकाट्यानं चालू होते, तर तळाचा गाळ जाळीला चिकटतोय आणि थांबल्यावर गळून पडतोय. मग टाकी उतरवायची.

इथे मला जरा थांबायचं आहे. बरेच लोक नळी टाकीत घालून तोंडानं पेट्रोल ओढतात. हे अजिबात करू नका. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तर वाईटच, पण त्याचे थोडे थेंब जरी फुप्फुसात गेले तरी माणूस न्यूमोनियासारख्या आजारानं अंथरुणाला खिळतो, दगावूही शकतो. कोणी प्यालंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा. हातानं दाबायचा पंप फार महाग नसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते; आणि हवेत ती दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत हे प्रमाण सहज जुळून येतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते. म्हणून काम उघड्यावर, गाडी गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करा. बिडी, शेगडी, मुलं, सगळं लांब. आणि गळक्या टाकीला ‘धुतली आहे ना’ म्हणून वेल्डिंग करू देऊ नका. पत्र्याच्या शिवणीत अडकलेलं पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेनं पुन्हा वाफ होतं. झाळकामालाही हेच लागू. खेड्यात आगीचा बंब बाहेरून यायचा असतो, हे ध्यानात असू द्या. पत्रा सडला असेल तर दुसरी टाकी शोधणं बरं.

पत्रा धड असेल तर सफाई सोपी आहे, फक्त घाई नको. फ्लोट काढून ठेवा. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी दोन-तीनदा खळबळून घ्या, म्हणजे चिकटा निघेल. मग गंजासाठी लिंबूसत्त्व: दहा लिटर पाण्याला साधारण अर्धा किलो, रात्रभर. तोंड झाकून घट्ट करू नका, आत वायू तयार होतो. गंजाचे पापुद्रे जाड असतील तर मूठभर नट आत टाकून टाकी हलवायची. टाकताना मोजायचे आणि काढतानाही मोजायचे. पुन्हा सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडी. ओला उघडा पत्रा तासाभरात लाल पडतो. कोरडी झाली की थोड्या पेट्रोलमध्ये इंजिन ऑइल मिसळून आत फिरवा.

हा सोहळा दरवर्षी करायचा नाही. जुन्या टाक्यांना बहुधा आतून शिसं-कथलाचा पातळ मुलामा असतो. आम्लानं आणि घासण्यानं तो जातो. आतून लेप देणारे काही लोक भेटतील. लेप इथेनॉलला टिकतो का, हे आधी विचारा, नाहीतर त्याचेच पापुद्रे जेटमध्ये येतात.

डिझेल जीपवाल्यांनी फिल्टरच्या तळाचं पाणी वेळच्या वेळी काढत राहावं. टाकीत काळपट, बुळबुळीत गाळ दिसला तर ती पाण्याच्या थरात वाढलेली जिवाणू-बुरशी समजा. पाणी गेलं की तीही आटोक्यात येते.

काढलेलं घाण पेट्रोल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. थोडंसं पेट्रोलही भरपूर पाणी नासवतं. धातूच्या डब्यात झाकण लावून ठेवा आणि टाकाऊ तेल नेणाऱ्याला द्या. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, झाकणाचं रबर नवं घाला आणि पंधरवड्यातून एकदा गाडी खरंगण्यापर्यंत तरी फिरवून आणा.