पिवळा पडलेला कार्बन फायबर

सायखेड्यात गोदाकाठच्या उन्हात कायम उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलचं कार्बन फायबरचं मडगार्ड पिवळट, दुधी दिसू लागलं, तर ते टाकून देऊ नका. कार्बनचे धागे उन्हानं विटत नाहीत. अतिनील किरणांनी खराब होतो तो त्यांच्यावरचा इपॉक्सी आणि क्लिअरकोटचा थर. मडगार्ड सुटं करून धुवा. 800 नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी सोडत, हलक्या हातानं घासा. पाणी पांढरट येतंय तोवर ठीक. काळं आलं की लगेच थांबा, धागा कापला जातोय! मास्क हवाच. नवा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअरकोट मात्र गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडूनच मारून घ्या. ते हार्डनर फुप्फुसांना फार घातक असतं. मडगार्डवर नुसतं कार्बनसारखं दिसणारं स्टिकर असेल, तर घासू नका, बदला.