म्हाताऱ्या पायांखालची वाट



माणूस म्हातारा होतो तो निसर्गनियमाने. परंतु तो अपंग कधी होतो, हे पुष्कळदा ग्रामपंचायत ठरवीत असते. हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली स्वीकारलेल्या मांडणीनुसार अपंगत्व केवळ देहात नसते. ते देह आणि परिसर यांच्या संबंधातून निर्माण होते.

आपल्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला निराळीच धार आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. वाड्या-तांड्यांवर पाच-सहा महिने उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. पाणी, रेशन, दवाखाना, सारे त्यांच्याच पायांवर. शहरातल्या निवृत्तांसाठी चालणे हा व्यायाम असेल. येथे ती बिनपगारी मजुरी आहे. साखर कारखान्याच्या ताळेबंदात तिची नोंद नाही, आणि अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही ती मला कधी आढळली नाही.

आता त्या पायांखाली काय आहे ते पाहा. हापशाभोवती शेवाळलेला चिखल, उघडे गटार, रात्री अंधार. 2022 साली शासनाने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. चांगले केले; पण जो थांब्यापर्यंत पोहोचत नाही, गाडीची उंच पायरी चढू शकत नाही, त्याला त्या सवलतीचा काय उपयोग? श्रावणबाळ योजनेचे मानधन 2023 साली दरमहा 1500 रुपये झाले, तेही बँकेपर्यंत चालत जाणाऱ्याचेच. एकदा पाय घसरला की मनात भीती बसते. भीतीने माणूस उंबऱ्याआड राहतो, न वापरलेल्या मांड्यांतले बळ ओसरते, आणि पुढचे पडणे सोपे होते. मग लोक म्हणतात, वय झाले!

उपाय महाग नाहीत. हापशाला शोषखड्डा, गटारावर फरशी, रेशन दुकानाच्या पायऱ्यांना कठडा, वाटेत टेकायला पार. गावच्या प्रवेशद्वारी कमान उभारायला पैसा निघतो. कठड्याला मात्र निघत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम 2017 साली झाले. मुदत 2022 सालीच संपली. आपल्या तालुक्यात किती ग्रामपंचायत कचेऱ्यांना उतरण आहे, हे कार्यकर्त्यांनी स्वतः मोजावे. एखाद्या आजीबरोबर घरापासून रेशन दुकानापर्यंत चालावे, आणि ती कोठे थांबते, कशाला धरते, ते टिपून ठेवावे.

ही टिपणे 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. टोळ्या त्या वेळी फडात असतात. गावात उरलेली बहुसंख्या याच माणसांची असते.