गाळाने राखलेले गाव



ब्रसेल्सहून सकाळच्या आगगाडीत बसलो आणि तासाभरात आम्ही बेल्जियमच्या ब्रूज गावी उतरलो. थोडे चालल्यावर कालवे लागले. त्यांवर कमानींचे पूल, पाण्यातूनच वर आलेल्या विटांच्या भिंती. चौकातल्या ८३ मीटर उंच घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या आम्ही धापा टाकीत चढलो. एके काळचे हे मोठे बंदर; पण समुद्र पाहावा तो कोसच्या कोस दूर!

११३४ साली तुफानाने किनारा फोडला, झ्विनची खाडी आत आली आणि तिच्या बळावर ब्रूजची पेठ भरली. इंग्लंडची लोकर येई, इटलीचे सावकार पेढ्या घालीत. १५०० च्या सुमारास खाडी गाळाने बुजत गेली आणि व्यापार अँटवर्पला गेला. जुनी घरे पाडून नवी उठवायला गावापाशी पैसाच उरला नाही, म्हणून ती वाचली. १८९२ साली रोदेनबाखने आपल्या कादंबरीत त्याला ‘मृत ब्रूज’ म्हटले, आणि ते पाहायला माणसे लोटू लागली.

आज पैसा आहे, गर्दीही आहे. मग गाव राखायचे कसे? तिथल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्याने २०१६ साली रस्त्यांखालून सुमारे ३ किलोमीटर नळ टाकला. गावाबाहेर बाटल्या भरायच्या ठिकाणी बिअर त्यातून जाते. अरुंद गल्ल्यांतली मालमोटारींची वर्दळ टळली आणि कारखाना गावातच राहिला. नुसत्या भिंती राखून भागत नाही. त्यांच्या आतला कामधंदाही राखावा लागतो, एवढे आम्ही तिथे पाहिले.