अळिंबीच्या बियाण्यासाठी धान्यात ओल किती असावी?

(अळिंबी उत्पादन प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



धिंगरी अळिंबीची लागवड आपल्याकडे आता नवीन राहिलेली नाही. गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, भाताचा पेंढा निर्जंतुक करून पिशव्या भरण्याचे काम अनेकांच्या हातात बसले आहे. अडचण येते ती बियाण्याची, म्हणजे स्पॉनची. ते वेळेवर मिळत नाही म्हणून काही उत्पादक स्वतःच बियाणे तयार करू लागले आहेत, शेजारच्या गावांनाही देऊ लागले आहेत. अशा मंडळींसाठी आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे शिजवलेल्या धान्यातील ओल.

बियाणे तयार करणारा माणूस ऑटोक्लेव्हवर आणि शुद्ध कल्चरवर पैसे खर्च करतो. धान्य शिजवणे मात्र घरचे काम समजून अंदाजावर सोडतो. पुढे ज्या बाटल्या नासतात, त्यांतील बऱ्याच या पातेल्यातच नासलेल्या असतात. ते कळते मात्र दोन आठवड्यांनी. धिंगरीला ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण 2 टक्के बियाणे लागते. म्हणजे 1 किलो खराब बियाणे गेले तर 50 किलो ओले काड वाया जाऊ शकते, आणि ते काड दुसऱ्या कुणाचे असेल तर तुमच्यावरचा विश्वासही जातो.

पूर्वी अळिंबीचे बियाणे घोड्याच्या लिदीसारख्या माध्यमावर वाढवीत. जेम्स सिंडेन यांनी धान्यावर ते तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट 1932 साली अमेरिकेत घेतले. या पद्धतीचा मोठा फायदा असा की प्रत्येक दाणा सुटा राहतो आणि काडात पडेल तिथून स्वतंत्रपणे वाढ सुरू करतो. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला की हा फायदाच संपला.

जमिनीतील वाफसा आपणा सर्वांना माहीत आहे. ढेकळात ओल असते, पण दोन ढेकळांमध्ये हवाही खेळते. बाटलीतील धान्यालाही असाच वाफसा लागतो. पाणी दाण्याच्या आत हवे, दाण्याच्या बाहेर हवा हवी. आत पाणी कमी पडले तर बुरशीचे पांढरे तंतू विरळ वाढतात आणि अर्ध्यावर थांबतात. शिवाय कोरड्या गाभ्यातील जीवाणू वाफेने लवकर मरत नाहीत. उलट दाण्याबाहेर पाणी राहिले किंवा दाणा फुटून पीठ बाहेर आले, तर तिथे जीवाणू वाढतात आणि बाटली आंबते.

धान्य गहू घ्या किंवा ज्वारी. ते त्याच हंगामातील, न किडलेले, न फुटलेले असावे. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी स्वस्त मिळते. ती घेऊ नका, कारण तिच्यावर आधीच दुसऱ्या बुरशा असतात. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे तर मुळीच वापरू नये. बुरशीनाशक लावलेल्या दाण्यावर बुरशी वाढवायला जाणे व्यर्थ आहे.

धान्य दोन-तीन वेळा धुऊन रात्रभर भिजत घाला. यामुळे पाणी गाभ्यापर्यंत जाते. दुसरा फायदा असा की उष्णतेला सहजासहजी न मरणारे जीवाणूंचे बीजाणू ओलाव्यात अंकुरतात आणि अंकुरल्यावर वाफेला लवकर बळी पडतात. उन्हाळ्यात पाणी आंबू लागते, म्हणून मध्ये एकदा बदलावे.

सकाळी ते पाणी काढून भरपूर नव्या पाण्यात धान्य उकळा. भिजलेल्या गव्हाला साधारण 15 ते 20 मिनिटे पुरतात. पण घड्याळावर विसंबू नका. बन्सी गहू आणि शरबती गहू सारखे शिजत नाहीत, जुने धान्य आणि नवे धान्यही नाही. दहाव्या मिनिटापासून झाऱ्याने दाणे काढून ब्लेडने आडवे कापून पाहा. मध्ये पांढरी, पिठाळ कणी दिसली तर अजून वेळ आहे. कणी गेली आणि साल शाबूत आहे, की लगेच उतरवा. घुगऱ्यांना आपण दाणा फुलेपर्यंत शिजवतो, इथे त्याच्या अलीकडेच थांबायचे. शंभरात चार-पाच दाणे फुटले तर बिघडत नाही. त्याहून जास्त फुटू लागले तर उशीर झाला.

धान्य रोवळीत किंवा जाळीवर निथळून स्वच्छ मलमलच्या कापडावर पातळ पसरा आणि वरखाली करत राहा. किती वेळ, हे मी सांगणार नाही. मराठवाड्यात एप्रिलमध्ये जे तासाभरात सुकते, त्याला कोकणात जुलैमध्ये पंखा लावूनही अर्धा दिवस लागू शकतो. मूठभर दाणे घट्ट दाबून मूठ उघडा. दाणे सुटे होऊन पडले पाहिजेत, तळहात दमट लागावा पण ओला होऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवले तर ओला डाग उमटू नये.

आता वजनकाट्याकडे येऊ. वाळलेल्या धान्यात साधारण 12 टक्के ओल असते. म्हणजे 10 किलो गव्हात 8.8 किलो घन भाग आणि 1.2 किलो पाणी. बियाण्यासाठी शिजवलेल्या धान्यात 45 ते 50 टक्के ओल हवी. घन भाग तेवढाच राहतो, असे धरून हिशेब केला तर 45 टक्क्यांना एकूण वजन 16 किलो येते आणि 50 टक्क्यांना 17.6 किलो. म्हणजे 10 किलो कोरडे धान्य शिजवून, सुकवून 16 ते साडेसतरा किलो भरले पाहिजे. साधा ताणकाटा यासाठी पुरतो. कापडाचे वा टोपल्याचे वजन वजा करायला मात्र विसरू नका.

वजन जास्त आणि तळहात ओला, तर अजून पसरून ठेवा. वजन कमी आणि कापल्यावर कणी दिसते, तर पुन्हा तीन-चार मिनिटे उकळा. वजन जास्त पण बाहेरून कोरडे, तर दाणा गरजेपेक्षा जास्त शिजला आहे. असे धान्य जनावरांना घालावे, बाटलीत भरू नये. एक फसवी स्थितीही आहे. गाभा कोरडा आणि वरून ओले, तरी वजन बरोबर 16 किलोच भरेल! पाणी तेवढेच आहे, पण जागा चुकली आहे. म्हणून काटा आणि ब्लेड दोन्ही वापरावीत. काहींना हा हिशेब उगाच वाटतो. सवयीच्या हाताला तो लागतही नसेल. पण धान्याचे पोते बदलले की सवयीचा हातही चुकतो.

वजन झाल्यावरच 10 किलो कोरड्या धान्यामागे 200 ग्रॅम जिप्सम आणि 50 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळा. जिप्सममुळे दाणे सुटे राहतात, कॅल्शियम कार्बोनेटमुळे आम्लता वाढत नाही. ओले राहिलेले धान्य जास्त जिप्सम टाकून कोरडे करण्याची युक्ती काही जण करतात. वरचे पाणी त्याने शोषले जाते, पण दाण्याभोवती चिखल बसतो. त्यापेक्षा अर्धा तास थांबणे बरे.

बाटल्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या दोन-तृतीयांश भरा, न शोषणाऱ्या कापसाचे बूच लावा आणि त्यावर कागद बांधा. बूच भिजले तर ते जंतूंना वाट करून देते. 20 ते 22 पौंड दाबावर दीड ते दोन तास निर्जंतुकीकरण करावे. दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नये. बाटल्या कोमट झाल्यावर हलवून दाणे मोकळे करा. तळाला पाणी साचलेले दिसले तर ती बाटली बाजूला काढा, तिच्यात कल्चर घालू नका.

कल्चर घातल्यावर बाटल्या 25 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवाव्यात. दोन ते तीन आठवड्यांत सर्व दाणे पांढरे व्हायला हवेत. तळाचे दाणे तेलकट, पारदर्शक राहिले, पिवळसर पाणी सुटले किंवा आंबूस वास आला, तर ती बाटली ओली भरली गेली होती असे बहुधा समजावे. वाढ पातळ होऊन अर्ध्यात थांबली, तर कोरडी. अर्थात कल्चर जुने असले तरी वाढ थांबते; म्हणून प्रत्येक घाणीचे वजन, उकळण्याची मिनिटे आणि धान्य कोठून आणले, हे वहीत लिहून ठेवा. एकाच घाणीच्या बहुतेक बाटल्या सारख्याच बिघडल्या असतील, तर आधी पातेल्याकडे पाहा. एखाददुसरीच बिघडली असेल, तर बूच आणि कल्चर घालतानाची स्वच्छता तपासा.

नासलेली बाटली खोलीत उघडू नका. बुचासकट पुन्हा दाबाखाली वाफ द्या आणि मगच आतले धान्य खतखड्ड्यात टाका.