जमिनीखालचा सातबारा



भातकापणी उरकली, वालाची पेरणी झाली, की आपल्या निडी, नागोठणे, रोहे, पेण ह्या पट्ट्यात घरोघरी एकच बोलणे सुरू होते, "यंदा बोअर मारायची का?" मग पाणाड्या येतो, हातावर नारळ ठेवून शिवारात फिरतो, जागा दाखवतो आणि गाडी लागते. पाणी लागले तर पेढे, न लागले तर कर्ज. बोअर कुठे मारावी हे मी आज सांगणार नाही. बोअर मारताना जमिनीखालची जी माहिती वर येते ती जाते कुठे, आणि ती देशाच्या कोठारात जमा होण्यात आपला फायदा काय, एवढेच सांगणार आहे.

जमिनीच्या वरचा हिशेब आपल्याकडे चोख आहे. गट नंबर, क्षेत्र, पीकपाहणी, कर्जाचा बोजा, सारे सातबाऱ्यावर सापडते. पण त्याच जमिनीखाली वीस हातांवर मुरूम आहे की काळा पाषाण, ह्याचा उतारा कोण देणार? शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी बोअर मारली तेव्हा ते कळले होते. भुकटी वर आली, चिखलात मिसळली आणि पहिल्या पावसात वाहून गेली. आता तुम्ही तोच खडक पुन्हा पैसे मोजून फोडणार!

आपल्या पायाखालचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो थरावर थर साचला. त्यात कठीण काळा पाषाण असतो, मांजऱ्या खडक असतो आणि मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा लागतो. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. कोकणात पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. कारण उतार मोठा, पाणी धरणारा थर पातळ, आणि पाणी ओढ्या-नद्यांतून खाडीला जाते. म्हणून कुठला थर किती खोल आहे हे कळण्याला मोल आहे. एका बोअरवरून ते कळत नाही. पन्नास बोअरींच्या नोंदी एकत्र मांडल्या की कळते.

देशात हे काम जुने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झाले, ते प्रथम दगडी कोळशाच्या शोधासाठी. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरी साडेतीन हजारांवर आहेत आणि त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून भूजलधारक थरांचे नकाशे करायला घेतले आणि मार्च २०२३ पर्यंत सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पुरे केले. तेल आणि वायूच्या विहिरींची माहिती ठेवणारे राष्ट्रीय भांडार २०१७ साली उघडले. खडक आणि खनिजांसाठी राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार १९ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाले. गाळ्यागाळ्यांत विखुरलेले दाणे एका कणगीत भरावेत, तसे हे काम आहे.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे दिल्लीचे झाले, आम्हाला काय त्याचे? तर ऐका. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. पुढे अनेक वर्षांनी त्या भागात सुमारे दीड किलोमीटर खोल विवरे पाडली. एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट जातीचा खडक. त्या नोंदी आणि दगडाचे नमुने जपून ठेवले, म्हणून तीन किलोमीटरचे पुढचे विवर कुठे आणि कसे घ्यायचे हे ठरवता आले. पहिल्याची माहिती दुसऱ्याला भांडवल झाली.

आपल्या जिल्ह्याचेच घ्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. कुठल्या उतारावर मातीचा थर जाड आहे आणि खालचा खडक किती कुजलेला आहे, ही माहिती नकाशावर असली तर घर कुठे बांधू नये हे आधी बोलता येते. नकाशा दरड थांबवत नाही. पण ग्रामसभेत धोक्याच्या जागेवर बोट ठेवता येते.

दोन गोष्टी मात्र मोकळेपणाने सांगतो. पहिली, राष्ट्रीय भांडारात तुमच्या गट नंबरात पाणी कुठे आहे असे लिहिलेले नसते. तो नकाशा मोठ्या मुलखाचा असतो. त्यावरून अंदाज बांधता येतो, जागा मात्र भूवैज्ञानिकाने शेतात येऊन पाहावी लागते. दुसरी, काहींना वाटते की माहिती दिली तर उद्या कोणी जमिनीवर डोळा ठेवील. ही भीती उगीच नाही. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो आपले खोदकाम करून माहिती मिळवणारच. ती त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, ह्यात खरा धोका आहे. सरकारी भांडार सर्वांना खुले असले तर ग्रामसभा त्याच नकाशावर बोट ठेवून प्रश्न विचारू शकते.

खारेपाटाकडच्या मंडळींनी तर हे नीट ध्यानात घ्यावे. खाडीजवळ जास्त खोल गेलात किंवा जास्त उपसा केलात, तर खारे पाणी आत सरकते. एकदा विहीर खारी झाली की लवकर गोडी होत नाही. कोणाला किती खोलीवर खारे पाणी लागले ही एक नोंद शेजारच्या दहा जणांचे पैसे वाचवील.

आता कामाचे सांगतो. बोअर मारताना एवढे करा:

१. दर दहा फुटांची भुकटी वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर खोली लिहा.

२. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू हे कुठून कुठपर्यंत लागले ते वहीत मांडा. केसिंग पाईप किती फूट घातला तेही लिहा.

३. पहिले पाणी किती फुटांवर लागले आणि कुठे वाढले ते टिपा. चव गोडी की मचूळ, हेही लिहा.

४. पाणी मोजा. दोनशे लिटरचे पिंप दोन मिनिटांत भरले तर ताशी सहा हजार लिटर झाले.

५. दरवर्षी मे अखेर आणि दिवाळीच्या सुमारास उपसा बंद ठेवून, दोरीला वजन बांधून पातळी मोजा.

६. बोअर कोरडी गेली तरी नोंद ठेवा. कोरड्या बोअरीची नोंद ओल्या बोअरीइतकीच मोलाची आहे. तिचे तोंड मात्र त्याच दिवशी पक्के बंद करा, कारण लहान मूल आत पडण्याचा धोका असतो.

ह्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाकडे द्या. १ जून २०१४ पासून राज्याचा भूजल कायदा अमलात आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर त्यात निर्बंध आहेत आणि बोअरच्या गाडीवाल्याची नोंदणी लागते. म्हणून गाडी ठरवतानाच नोंदणी विचारा आणि खोलीची लेखी नोंद मागून घ्या. पैसे तुम्ही फुटावर देता, तर फुटाफुटाचा हिशेब मागायचा हक्क तुमचाच आहे.

बंधूंनो, बियाणे आपण एकमेकांना देतो, बैल देतो, इर्जिकीला जातो. तशीच ही माहिती द्यायची आहे. यंदा गावात जी पहिली बोअर होईल तिच्यापासून वही सुरू करा.